बॅटरी बदलण्याचा ठराव

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे येणाऱ्या विषयांमध्ये पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती आणि घरपट्टीची थकबाकी यांचा मान मोठा असल्यामुळे, कचरा वाहणाऱ्या विजेच्या घंटागाडीची बॅटरी बदलणे हा विषय बहुधा अखेरीस, ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली येतो, आणि ज्या घाईने येतो त्याच घाईने निकालात निघतो. तीन दरपत्रके मागवलेली असतात, त्यांतले सर्वांत कमी रकमेचे मंजूर होते, सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात लिहिली जातात, आणि पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच गाडी पुन्हा कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते. लोक म्हणतात, ‘बॅटरी बसली.’ माझे म्हणणे असे आहे की बॅटरी बसते त्याच्या पुष्कळ आधी निर्णय चुकलेला असतो. आणि तो चुकतो तो अज्ञानामुळे जितका, तितकाच कमी दराच्या दरपत्रकास आपल्या दप्तरी कारभारात जे अढळ स्थान मिळाले आहे त्यामुळे.

आमच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके विस्ताराने मोठे आणि वस्तीने विखुरलेले आहेत. गावठाण एक आणि पाडे अनेक अशी येथील पुष्कळ ग्रामपंचायतींची घडण असून, तानसा, अघई, खर्डी, डोळखांब, किन्हवली किंवा पलीकडे धसई, टोकावडे या बाजूंस कोठेही गेले तरी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाताना चढ लागतो, उतार लागतो, ओढ्यावरची मोरी लागते. एके काळी परसातील उकिरड्यात जिरून जाणारा कचरा आता जिरत नाही, कारण त्यात वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी आणि महामार्गालगतच्या ढाब्यांचे व शेतघरांचे उरलेसुरले असे सगळे मिसळलेले असते. या कचऱ्याचे जे काही पावसाबरोबर वाहून जाते ते शेवटी जलाशयांच्या दिशेने जाते. म्हणून घंटागाडी ही शहरांची नक्कल म्हणून आलेली वस्तू नसून या मुलुखाची खरी गरज आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

गाड्या आल्या कशा, हेही सांगणे प्राप्त आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला, आणि पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या मुदतीसाठी ग्रामपंचायतींस दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित ठरवून तिचा निम्मा हिस्सा स्वच्छतेकडे वळवला. त्या पैशातून राज्यातील अनेक ग्रामपंचायतींनी विजेवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या घेतल्या. डिझेलचा रोजचा खर्च नाही, धूर नाही, चालकाला शिकणे सोपे; शिवाय २०१४ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्यांना ‘ई-कार्ट’ म्हटले त्या लहान गाड्यांस ताशी २५ किलोमीटर वेग आणि ३१० किलो भार एवढी मर्यादा असल्याने गावातल्या अरुंद गल्लीतही त्या बिनधोक फिरतात. खरेदी झाली, हार घातले गेले, नारळ फुटला. परंतु गाडीच्या अंदाजपत्रकात पुढे लागणाऱ्या बॅटरीच्या नावाने स्वतंत्र रक्कम बाजूला काढून ठेवण्याचा शिरस्ता बहुधा कोठेच पडला नाही. डिझेलच्या गाडीत इंधनाचा खर्च रोज थोडा थोडा होतो आणि म्हणून तो रोजकीर्दीत दिसत राहतो. विजेच्या गाडीत इंधनखर्चाचा मोठा भाग बॅटरीच्या रूपाने एकदम, एका दिवशी समोर येतो, आणि तो दिवस उजाडेपर्यंत हिशेबात त्याची चाहूलही लागत नाही.

आता खुद्द बॅटरीविषयी. या गाड्यांमध्ये सर्वसाधारणपणे शिसे आणि गंधकाम्ल यांच्या, १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडून ४८ व्होल्टचा संच बसवलेला असतो. हे तत्त्व फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केले, आणि ते इतके दिवस टिकले याचे कारण ते स्वस्त आहे, सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि जुनी बॅटरी भंगारात दिली तरी शिशाचे पैसे हातात येतात. महाराष्ट्राला विजेच्या तीनचाकीचा विचार नवा नाही: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘इलेक्शा’ या नावाच्या विजेच्या रिक्षेचे प्रयोग केले, तेव्हा त्यांच्याही हाताशी शिसे-आम्लाचीच बॅटरी होती. माणसाने माणसाला ओढण्याचे कष्ट कमी व्हावेत या हेतूने एका तालुक्याच्या गावी चाललेल्या त्या कामाची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, याची मला खंत वाटते.

शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आकडे मात्र नीट वाचावे लागतात. ४८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की ४.८ युनिट वीज होते, हेच युनिट जे आपल्या महावितरणच्या बिलावर छापलेले असते. पण ही सगळी वीज वापरण्याजोगी नसते. निम्म्याहून अधिक वीज रोज काढून घेतली तर प्लेटा लवकर झिजतात, म्हणून शहाणा चालक २.४ युनिटांच्या आसपास थांबतो. त्यातही चढावर मोटर जास्त प्रवाह ओढू लागली की या जातीच्या बॅटरीची धारणाशक्ती आणखी घटते. सपाट रस्त्यावर दिलेले ‘ॲव्हरेज’ पाड्याच्या चढावर मिळत नाही ते याच कारणाने. उष्णता हा तिसरा शत्रू. २५ अंशांच्या वर दर सुमारे १० अंशांस या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते असा अनुभवाचा ठोकताळा आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली किती ऊन साठते हे शहापूरच्या माणसास सांगावे लागत नाही.

तथापि घंटागाडीची बॅटरी बहुतेक वेळा अति चालवल्याने मरत नाही; ती उभी राहून मरते, आणि या एका गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधावयाचे आहे. प्रवासी वाहणारी रिक्षा दिवसभर धावते आणि रात्री पूर्ण चार्ज होते, कारण तिच्या मालकाची भाकरी तीवर अवलंबून असते. घंटागाडी सकाळचे काही तास फिरते, मग उभी राहते; चालकाचे मानधन थकले की आठवडाभर उभी राहते; मुसळधार पावसात पाड्याचा रस्ता खचला की पंधरवडाभर उभी राहते. अर्धवट उतरलेली शिसे-आम्लाची बॅटरी अशी पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात, ते पुढे चार्जिंगला दाद देत नाहीत, आणि शंभर अँपिअर-अवरची बॅटरी चाळिसाचीही उरत नाही. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर न टाकल्याने प्लेटा उघड्या पडतात, विहिरीचे पाणी टाकल्याने क्षार बसतात, आणि वीज मध्येच गेल्याने आठ-दहा तासांचे चार्जिंग पाच तासांवरच संपते. यात चालकाचा दोष काढणे अन्यायाचे आहे. ज्याला महिन्याचे मानधन वेळेवर मिळत नाही, ज्याला बॅटरीची देखभाल कोणी कधी शिकवलेली नाही, आणि ज्याच्या हाती आम्लाची घनता मोजण्याची साधी काचेची नळीही दिलेली नाही, त्याच्याकडून प्रयोगशाळेतील शिस्तीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

याच कारणासाठी लिथियमच्या बॅटरीचा विचार गंभीरपणे करावा असे माझे मत आहे. आणि लिथियम म्हणजे सरसकट सर्व लिथियम नव्हे. मोबाइलमध्ये असते ती जात निराळी आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला बाजारात ‘एलएफपी’ म्हणतात, ती निराळी. हा दुसरा पदार्थ अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुढे आणला. गुडइनफ यांस २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिथियम बॅटरीच्या कामासाठी मिळाले. एलएफपीचा सेल इतर लिथियम सेलांच्या मानाने उष्णता अधिक सोसतो आणि सहजासहजी पेट घेत नाही. त्याचे ३.२ व्होल्टचे १६ सेल जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक होतो. १०० अँपिअर-अवरच्या अशा पॅकमध्ये पाच युनिटांहून थोडी अधिक वीज मावते, आणि तिच्यापैकी चार युनिटे निर्धास्तपणे वापरता येतात. वजन शिसे-आम्लाच्या संचाच्या निम्म्याहून कमी असल्याने चढावर मोटरवरचा ताण हलका होतो. अर्धवट चार्ज अवस्थेत राहणे या बॅटरीला मानवते, आणि आपल्या गावांतील विजेचा लहरीपणा पाहता मला हा गुण हजारो आवर्तनांच्या जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो.

परंतु हिच्यातही सांभाळण्याच्या गोष्टी आहेत, आणि दुकानदार त्या आपण होऊन सांगेलच असे नाही. शिसे-आम्लाचा जुना चार्जर तसाच लावू नये. त्याच्या शेवटच्या टप्प्यातील जादा विद्युतदाब लिथियमच्या पॅकला चालत नाही, म्हणून पॅकबरोबर त्याचाच चार्जर घ्यावा आणि त्याची किंमत दरपत्रकात समाविष्ट असावी. गाडीच्या काट्यावर बॅटरी किती उरली हे दिसते ते दाबावरून. एलएफपीचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहत असल्याने जुना काटा अर्धी बॅटरी दाखवत असतानाच गाडी उभी राहू शकते. सेलांवर देखरेख करणारी ‘बीएमएस’ नावाची पाटी स्वतःसाठी अखंड थोडी वीज खात असते, तेव्हा पूर्ण उतरवलेला पॅक महिनाभर तसाच ठेवला तर तोही कायमचा जाऊ शकतो. पॅकच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने तीनचाकी व दुचाकी वाहनांना ‘एआयएस-१५६’ हे मानक लावले असून त्याची सुधारित, अधिक कडक आवृत्ती डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अमलात आली. हे प्रमाणपत्र ज्या पॅकला नाही, तो कितीही स्वस्त असला तरी ग्रामपंचायतीने घेऊ नये. कारण जुन्या सेलांना नवे प्लास्टिक गुंडाळून विकणारे कारागीर आज प्रत्येक मोठ्या बाजारात आहेत, आणि सार्वजनिक पैशाने आग विकत घेण्याचा अधिकार कोणासही नाही. जात बदलताना गाडीच्या निर्मात्याची लेखी संमतीही घ्यावी, म्हणजे पुढे नोंदणी वा विमा यांचा वाद उद्भवत नाही.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा, हा प्रश्न येथे अटळ होतो. शिसे-आम्लाच्या संचाची किंमत एक मानली आणि चार्जरसह एलएफपीच्या पॅकची दोन मानली, तर दरपत्रकांच्या तक्त्यात शिसेच जिंकणार हे उघड आहे. पण आपण वर्णन केलेल्या वापरात शिशाचा संच वर्ष-दीड वर्षाहून अधिक क्वचितच टिकतो, म्हणजे पाच वर्षांत चार ते पाच संच लागतात. एलएफपीचा पॅक, त्याची हमी केवळ तीन वर्षांची असली तरी, तेवढ्या काळात एकदाच घ्यावा लागतो आणि बहुधा त्याहून पुढे जातो. शिवाय प्रत्येक वेळी बॅटरी बसल्यापासून नवी मंजूर होईपर्यंत गाडी जे महिने उभी राहते, त्या महिन्यांचा कचरा कोणत्या जमाखर्चात लिहायचा? म्हणून तुलना करावी ती किमतीची नसून वर्षाला पडणाऱ्या खर्चाची, आणि दरपत्रकाच्या नमुन्यातच ‘हमीची मुदत महिन्यांत’ आणि ‘दर महिन्यास पडणारी रक्कम’ असे दोन रकाने घालावेत. कमीत कमी दराचा नियम न मोडता त्याचा अर्थ एवढ्याने सुधारता येईल.

असे असले तरी शिसे सर्वत्र त्याज्यच आहे, असे मी म्हणणार नाही. ज्या गाडीचे पाटे, ॲक्सल आणि मोटर एक-दोन वर्षांत रजा घेणार, तिच्यात महागडा पॅक घालणे हा अपव्यय होय. तेथे शिशाचा संच घ्यावा, मात्र त्यावरील निर्मितीची तारीख पाहून, कारण दुकानाच्या फळीवर सहा महिने पडून राहिलेली नवी बॅटरी वास्तविक जुनी झालेली असते. आणि चारांपैकी एक बॅटरी गेली म्हणून एकच बदलण्याचा मोह टाळावा. म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा मुरबाडचा शेतकरी थकलेल्या बैलाशेजारी तरणा खोंड जुंपत नाही, कारण जोडी त्याने दोन्हीकडून बिघडते; एकीला एक जोडलेल्या बॅटऱ्यांत तेच घडते: जुनी आधी उतरते, चार्ज होतानाही आधी भरून तापते, आणि नवीला आपल्या पातळीवर आणते.

हमीपत्राविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हमी देणारा कोण, हे पॅकवरील नावापेक्षा महत्त्वाचे आहे. बिघडलेला पॅक कल्याण-भिवंडीला नेऊन पोचवायचा आणि आठवडे वाट पाहायची, अशी हमी कागदावर तीन वर्षांची असली तरी उपयोगाने शून्य होय. मंजुरीपूर्वी लिहून घ्यावे की तक्रारीनंतर इतक्या दिवसांत माणूस गावात येईल, तोवर बदली पॅक देईल, आणि धारणाशक्ती छापील आकड्याच्या अमुक टक्क्यांखाली गेली तर पॅक बदलून मिळेल. माल ताब्यात घेतेवेळी गाडी भरून आपल्या हद्दीतील सर्वांत चढाच्या पाड्यावर न्यावी, एका चार्जिंगवर किती किलोमीटर झाले ते रजिस्टरात नोंदवावे, आणि दर सहा महिन्यांनी त्याच वाटेवर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. यंत्राची गरज नाही, तज्ज्ञाची गरज नाही; आणि हमीचा वाद निघालाच तर त्या नोंदींइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

राहिला जुन्या बॅटरीचा प्रश्न, आणि तो आपल्या भागात इतर कोठल्याहीपेक्षा नाजूक आहे. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून या तलावाचे पाणी मुंबई पिते, आणि भोवतीच्या अरण्यास अभयारण्याचा दर्जा आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. भंगारवाल्याने ती उघड्यावर फोडली, आम्ल नाल्यात ओतले आणि प्लेटा चुलीवर वितळवल्या, तर ते शिसे मातीत व पाण्यात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूस जी इजा करते ती कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. पाणलोटातले आमचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि उरलेल्या विहिरी-झऱ्यांवर भागवतात. त्यांच्या वाट्याला विषही यावे हे मला सहन होण्यासारखे नाही. २४ ऑगस्ट २०२२ रोजी लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनश्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात न मिसळता संकलन करणाऱ्याकडे सोपवाव्यात असे बंधन घातले आहे. तेव्हा नवीन खरेदीच्या ठरावातच जुना संच विक्रेत्याने परत न्यावा व तशी पोच द्यावी, ही अट असली पाहिजे. वजनावर मिळणाऱ्या चार पैशांसाठी तो लिलावात काढणे ग्रामपंचायतीस शोभणारे नाही. कचरा नीट उचलण्यासाठी घेतलेल्या गाडीनेच सर्वांत घातक कचरा वाटेवर टाकला असा त्याचा अर्थ होईल.

शासनाच्या धोरणातील एक विसंगतीही येथे नमूद केली पाहिजे. नवीन विजेच्या वाहनावर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याच वाहनासाठी पुढे स्वतंत्रपणे लिथियम बॅटरी घ्यावयाची तर १८ टक्के. केंद्राची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिचे साहाय्यही नव्या वाहनासाठीच ठेवले गेले. म्हणजे जो जुनी गाडी टिकवतो त्याच्यावर भार अधिक आणि जो ती टाकून नवी घेतो त्याला सवलत, असा व्यवहार होतो. हा भार केवळ ग्रामपंचायतींवर नाही. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हाताने ओढण्याच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करावयास सांगितले. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी दिलेला हा निर्णय सर्वथा स्वागतार्ह आहे, परंतु दोन-तीन वर्षांनी त्या प्रत्येक कुटुंबाच्या दारातही बॅटरीचा हाच हिशेब येऊन उभा राहील, आणि त्या वेळी त्याच्या मदतीला कोणी जाणार आहे की नाही याचा विचार आजच व्हावयास हवा. चालू वाहनासाठी प्रमाणित बॅटरी घेतली तर तिच्यावरही नव्या वाहनाइतकाच कर असावा, एवढी मागणी वाजवी आहे.

ठाणे जिल्हा परिषदेस माझी विनंती आहे की तिने शहापूर आणि मुरबाड या दोन्ही पंचायत समित्यांच्या ठिकाणी बॅटरी तपासणारा एकेक प्रशिक्षित वायरमन नेमावा, सर्व ग्रामपंचायतींच्या बॅटऱ्यांची खरेदी एकत्र करून दर व हमी यांची घासाघीस एकदाच करावी, आणि बदली पॅक तालुक्याच्या ठिकाणी राखून ठेवावेत. पंचवीस ग्रामपंचायतींनी पंचवीस दुकानांत जाण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आणि सरपंच व ग्रामसेवक बंधुभगिनींस सांगणे एवढेच की, येत्या अंदाजपत्रकात ‘घंटागाडी बॅटरी निधी’ असा स्वतंत्र शीर्ष उघडून त्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा करावी, आणि ज्यांच्या गाड्या आजही चालू आहेत त्यांनी तर हे काम पहिल्याच सभेत करावे.